आल्डसचा लास्कारिस: पुस्तक व्हेनिसचं घ्या, अक्षर मिलानचं

प्राचीन ग्रीक शिकायला पंधराव्या शतकात छापलेलं व्याकरण आज उघडावं का, असं मला अधूनमधून विचारलं जातं. माझं उत्तर ‘हो’ आहे. पण कुठलं व्याकरण, कुणी छापलेलं, आणि त्यातलं काय आधी वाचायचं, हे नीट सांगायला हवं. माझी निवड म्हणजे आल्डस मॅन्युशियस या मुद्रकाने १४९५ मध्ये व्हेनिसला छापलेलं कॉन्स्टंटाइन लास्कारिसचं व्याकरण, पण अक्षरओळखीसाठी त्याचीच मिलानची आवृत्ती. ही पुस्तकं आता फुकट बघायला मिळतात. फुकट मिळतं म्हणून माणूस पहिलं दिसेल ते उघडतो, तिसऱ्या पानावर अडकतो आणि ग्रीक अवघड म्हणून सोडून देतो. अवघड ग्रीक नसतं, पुष्कळदा अवघड असतात ते खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं.

खिळ्यांबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. वसईतल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं हाताने जुळणी केली. ओळ जुळवायची स्टिक डाव्या हातात, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खोक्याच्या, घरांवर, समोर हस्तलिखित. पुढे संगणक आला आणि केसेस भंगारात गेल्या, पण छापलेलं पान बघताना माझी नजर अजूनही आधी अक्षराच्या बॉडीवर आणि दोन ओळींमधल्या जागेवर जाते, अर्थाकडे नंतर. ग्रीक आणि जुजबी लॅटिन मला आमच्या पॅरिशमधल्या एका निवृत्त फादरांनी शिकवलं. नवा करार मूळ भाषेत वाचावा एवढीच इच्छा होती. व्याकरणाची जुनी पुस्तकं हा त्या वाटेवर लागलेला छंद, आणि आता तोच मुख्य झाला आहे.

सुरुवात मिलानपासून करतो. ३० जानेवारी १४७६ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी मिलानच्या डायोनिसियस पाराविसिनुस या मुद्रकाने कॉन्स्टंटाइन लास्कारिसचं ग्रीक व्याकरण छापून पूर्ण केलं. त्याआधी, सुमारे १४७१ मध्ये, व्हेनिसला क्रिसोलोरास या ग्रीक शिक्षकाचं छोटं व्याकरण छापलं गेलं होतं. पण जवळजवळ संपूर्ण ग्रीक मजकुराचं आणि तारीख असलेलं पहिलं छापील पुस्तक म्हणजे हा मिलानचा लास्कारिस. ७२ पानं, म्हणजे आपल्या हिशेबाने १४४ पृष्ठं. लहानसं पुस्तक. होमर नाही, प्लेटो नाही, बायबल नाही, पहिला मान व्याकरणाला मिळाला. मला हे फार योग्य वाटतं. इटलीत त्या काळी ग्रीक वाचायची इच्छा असलेले लोक होते, हस्तलिखितं होती, शिक्षक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिक्षकाच्या जागी पुस्तक उभं करायचं असेल तर आधी व्याकरणच छापायला हवं.

लास्कारिस स्वतः कॉन्स्टँटिनोपलचा. १४३४ चा जन्म. १४५३ मध्ये शहर पडलं तेव्हा तुर्कांच्या कैदेत सापडला, सुटल्यावर इटलीत आला, आणि मिलानला ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या मुलीला, इप्पोलिताला, ग्रीक शिकवू लागला. १४६६ पासून तो सिसिलीत मेसिनाला होता, तिथेच शिकवत राहिला आणि १५०१ मध्ये तिथेच वारला. म्हणजे पुस्तक मिलानला छापलं जात होतं तेव्हा लेखक दूर मेसिनाला. प्रूफ त्याने बघितलं असण्याची शक्यता फार कमी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मिलानच्या आवृत्तीचं काम पाहिलं ते क्रीटच्या देमेत्रिओसने. पुढे तो देमेत्रिओस दामिलास या नावाने ओळखला गेला. त्याने पुस्तकाला छोटी प्रस्तावना लिहिली आहे आणि ती मला कुठल्याही व्याकरणापेक्षा जवळची वाटते. तो म्हणतो, ग्रीक पुस्तकं कशी छापता येतील यावर मी खूप विचार केला आणि मोठ्या कष्टाने वाट सापडली, कारण अक्षरांची जुळणी नाना तऱ्हेची असते आणि त्यात वर द्यायच्या स्वरचिन्हांची भर. खिळे जुळवणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाने हे वाक्य वाचलं तर तो मान डोलवेल. आमचंही सगळं दुखणं शिरोरेषेच्या वरच होतं. मात्रा, अनुस्वार, रफार, वेलांटी. काही अक्षरं मात्रेसकट ओतलेली यायची, काहींवर वेगळा तुकडा बसवावा लागायचा, आणि बाहेर लोंबणारा रफार दाबाखाली हमखास तुटायचा.

ग्रीकचा हिशेब करून बघा. स्वरांवर तीन आघात: तीव्र, मंद आणि वळणाचा. शब्दाच्या आरंभी स्वर असेल तर त्यावर दोनपैकी एक श्वासचिन्ह: एक ‘ह’चा उच्चार दाखवणारं, दुसरं ‘ह’ नसल्याचं. शिवाय काही स्वरांच्या खाली आयोटा हे अक्षर, छोटं करून. आघात नसलेला धरून चार प्रकार, श्वासचिन्हाचे तीन प्रकार, खाली आयोटा असणं-नसणं असे दोन. चार गुणिले तीन गुणिले दोन. नुसत्या छोट्या आल्फाची चोवीस रूपं झाली. तीच गत ईटाची, तीच ओमेगाची. लॅटिनच्या केसमध्ये ‘ए’ला एक घर पुरतं. इथे एका स्वराला अख्खा कोपरा द्यावा लागतो. म्हणून सुरुवातीच्या इटालियन मुद्रकांनी लॅटिन पुस्तकात ग्रीक अवतरण आलं की जागा कोरी सोडली आणि कुणाला तरी हाताने लिहायला सांगितलं, यात नवल नाही.

दामिलासची अक्षरं या अडचणीतून निघून स्वच्छ उभी राहिली आहेत. गोलाई पुरेशी, अक्षरं एकमेकांपासून सुटी, एका अक्षराला बहुतेक एकच चेहरा. नवशिक्याने वर्णमाला एकदा पाठ केली की दुसऱ्या दिवशी तो हे पान सावकाश का होईना पण वाचू शकतो. याच दामिलासच्या अक्षरवळणाने १४८८ मध्ये फ्लोरेन्सला होमर छापला गेला. तो पहिला छापील होमर. त्याची पानंही इतकी मोकळी आहेत की डोळे थकत नाहीत.

मग मिलानची आवृत्तीच का घेऊ नये? कारण ती सगळी ग्रीकमध्ये आहे. ग्रीक शिकवणारं पुस्तक, तेही ग्रीकमध्येच. प्रस्तावनेला तेवढं लॅटिन भाषांतर जोडलेलं आहे, पुढे काही नाही. शिक्षक शेजारी बसून अर्थ सांगणार हे त्यात गृहीत धरलं आहे. ज्याला शिक्षक नाही त्याच्या हातात हे पुस्तक म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत बंद. १४८० मध्ये मिलानलाच लॅटिन भाषांतरासह आवृत्ती निघाली. भाषांतर जोव्हान्नी क्रास्तोने या कार्मेलाइट साधूचं. गरज लगेच जाणवली होती हे त्यावरून दिसतं.

व्याकरण म्हणून लास्कारिसचं पुस्तक कसं आहे? नेटकं. नावच ‘भाषेच्या आठ अंगांचा संक्षेप’ अशा अर्थाचं. अक्षर म्हणजे काय, चोवीस अक्षरं, त्यांत सात स्वर आणि सतरा व्यंजनं, मग पद (उच्चाराचा एक तुकडा), मग शब्द, मग वाक्य, अशा पायऱ्यांनी वर चढत जातो. नंतर नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं), सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण, उभयान्वयी, ही आठ अंगं. ही आठची वाटणी त्याची नाही. ती दीड हजार वर्षं जुनी, डायोनिसिओस थ्रॅक्स या वैयाकरणाच्या नावावर असलेल्या छोट्या पुस्तकातून आलेली.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती थेट आपल्या शाळेपर्यंत येते. मराठी व्याकरणात शब्दांच्या जाती आठ, असं आपण सगळे घोकत आलो. संस्कृत परंपरेत ही संख्या नव्हती. तिथे नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चार भाग. आठचा आकडा आपल्याकडे आला तो युरोपी व्याकरणांच्या साच्यातून. ग्रीकमधून लॅटिनमध्ये जाताना उपपद गळलं, कारण लॅटिनला उपपद नाही, आणि त्याच्या जागी उद्गारवाचक घेऊन आठ भरले. इंग्रजीत पुढे विशेषण नामापासून वेगळं निघालं आणि धातुसाधित क्रियापदात मुरलं, तरी आकडा आठच ठेवायची सवय राहिली. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, इंग्रजी व्याकरणांचा अभ्यास करून लिहिलेलं. त्याच्याही आधी, १६४० मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणी भाषेचं व्याकरण गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत. लास्कारिसची अनुक्रमणिका उघडल्यावर मला परकं वाटलं नाही त्याचं कारण हेच. सातवीच्या व्याकरणाच्या पुस्तकाचा हा दूरचा आजा आहे.

संस्कृत केलेल्या माणसाला तर लास्कारिस अधिकच सोपा जाईल. एकवचन, द्विवचन, अनेकवचन, तिन्ही आहेत. नामं विभक्तीनिशी चालवायची. क्रियापदाला कर्तरी आणि कर्मणी यांच्यामधला एक मध्यम प्रयोग आहे, तो आत्मनेपदाजवळ जातो. भूतकाळाचे तीन-चार प्रकार बघून लङ्, लुङ्, लिट् आठवतात. क्रियापदांचे वर्ग एकूण तेरा: साध्या शेवटाचे सहा, वळणाच्या आघाताचे तीन आणि ‘-मि’ या प्रत्ययाचे चार. सगळ्यांत लांब तक्ता ‘तुप्तो’ या धातूचा, अर्थ ‘मी मारतो’. शतकानुशतकं युरोपातल्या पोरांनी हाच धातू चालवला. तक्ता एवढा लांब आहे की प्रत्यक्ष ग्रीक ग्रंथांत कधी भेटणार नाहीत अशीही रूपं त्यात आहेत. ती पाठ करत बसू नका. वर्तमान, साधा भूत आणि भविष्य, कर्तरी आणि मध्यम, एवढं केलंत तर नवा करार उघडता येतो.

आता व्हेनिसची आवृत्ती, आणि या अभिप्रायाचा खरा विषय. आल्डस मॅन्युशियस हा मुळात शिक्षक. चाळिशी ओलांडल्यावर त्याने ग्रीक ग्रंथ छापायचा छापखाना काढला, आणि तारीख घातलेलं त्याचं पहिलं पुस्तक लास्कारिसचं हेच व्याकरण. मजकूर कुठून मिळवला? पिएत्रो बेम्बो, जो पुढे कार्डिनल झाला, आणि त्याचा मित्र आंजेलो गाब्रिएले हे दोघे तरुण १४९२ मध्ये ग्रीक शिकायला थेट मेसिनाला, लास्कारिसकडे गेले. दोन वर्षं तिथे राहिले. परत येताना लास्कारिसने स्वतः दुरुस्त केलेली प्रत घेऊन आले आणि ती आल्डसच्या हातात दिली. मिलानच्या वेळी लेखक दूर होता. व्हेनिसलाही तो दूरच होता, पण त्याचा हात मजकुरावरून फिरलेला होता. मुद्रकाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लेखकाने तपासलेली प्रत समोर असली की जुळारी निर्धास्त असतो.

पुस्तकात दोन तारखा आहेत. व्याकरणाच्या शेवटी फेब्रुवारी १४९४ चा अखेरचा दिवस, आणि पुढच्या जोडभागाच्या शेवटी ८ मार्च १४९५. घाबरू नका, मध्ये वर्ष गेलेलं नाही, आठवडाच गेला आहे. व्हेनिसमध्ये नवं वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. आपल्या गणनेने दोन्ही तारखा १४९५ च्याच. व्याकरणाच्या शेवटच्या ओळींत आल्डस सांगतो की हे आपल्याच अक्षरांनी आणि आपल्याच खर्चाने छापलं. ‘आपल्याच अक्षरांनी’ हे त्याने पैशांच्या आधी लिहिलं आहे. खिळे स्वतःचे असण्याचा अभिमान ज्याने अनुभवला आहे त्यालाच हे सुचेल.

या आवृत्तीचं मोठं देणं म्हणजे मांडणी. ग्रीक पान आणि त्याच्या समोर लॅटिन पान. क्रास्तोनेचंच भाषांतर, पण आता नजर डावीकडून उजवीकडे नेली की अर्थ हजर. लॅटिन येणाऱ्या माणसाला शिक्षकाशिवाय पुढे सरकता येतं. मला लॅटिन बेताचं येतं, तरी पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागलं. लॅटिन अजिबात येत नसेल तर शेजारी एखादं चालू इंग्रजी व्याकरण उघडं ठेवा. तक्ते तेच आहेत, फक्त क्रम थोडा वेगळा.

दुसरं देणं तो आठवड्यानंतरचा जोडभाग. माझ्या मते नवशिक्याने पुस्तक तिथूनच उघडावं. त्यात ग्रीक अक्षरांचे आणि जोडस्वरांचे उच्चार लॅटिनमधून समजावले आहेत. ग्रीक लोक नेहमी वापरतात त्या संक्षेपांचा तक्ता दिला आहे. आणि मग वाचनासाठी मजकूर: प्रभूची प्रार्थना, देवदूताचा निरोप (‘नमो मरिया’ ही प्रार्थना), प्रेषितांचा विश्वासांगीकार, योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ, पायथागोरसच्या नावावरची सुवर्णवचनं, फोकिलिदिस या प्राचीन कवीच्या नावावरची नीतिपर कविता. निवड बघा. सुरुवात अशा मजकुरापासून की जो इटलीतल्या प्रत्येक पोराला लॅटिनमध्ये तोंडपाठ आहे. अर्थ आधीच माहीत, त्यामुळे सगळं लक्ष रूपांकडे जातं.

मी ‘पातेर हेमोन हो एन तॉइस ऊरानॉइस’ ही ओळ पहिल्यांदा या पानावर वाचली तेव्हा शेवटच्या तीन शब्दांनी मला विभक्तीचा अख्खा तक्ता समजावला. ‘एन’ हे शब्दयोगी आधी, मग उपपद ‘तॉइस’, मग नाम ‘ऊरानॉइस’. उपपद आणि नाम दोघांनाही तोच अनेकवचनी प्रत्यय, कानाला यमक वाटावं असा. संस्कृतात विशेषण विशेष्याच्या विभक्तीत चालतं तसं ग्रीकमध्ये उपपद नामाबरोबर चालतं. हे मला तक्ता वाचून कळलं नव्हतं. लहानपणापासून ओठांवर असलेल्या प्रार्थनेने कळलं. पाठ असलेल्या मजकुरावर नवी भाषा शिकवायची ही कल्पना ज्याने छापील पुस्तकात आणली तो खरा शिक्षक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि आता तक्रार. आल्डसचं ग्रीक अक्षर शिकणाऱ्यासाठी वाईट आहे.

हे मी हलक्या मनाने लिहीत नाही. खिळे कोरणारा फ्रान्चेस्को ग्रिफो हा त्या काळातला अव्वल कारागीर. त्याच माणसाने बेम्बोच्या एटना पर्वतावरच्या छोट्या लॅटिन पुस्तकासाठी जे रोमन अक्षर कोरलं, ते १४९६ मध्ये छापलं गेलं आणि आजही त्याची वळणं जगभरच्या पुस्तकांत वापरात आहेत. म्हणजे हात उत्तम होता. चुकला तो नमुना. आल्डसने आपल्या काळातल्या ग्रीक लेखनिकांचं धावतं हस्ताक्षर समोर ठेवलं. त्या अक्षरात एका वर्णाचे दोन-तीन चेहरे. ‘पाय’ हा वर्ण एकदा दोन पायांवर उभा, एकदा वर झाकण घेतलेला. ‘थीटा’ एकदा बंद, एकदा उघडा. ‘ऊ’ साठी ओमिक्रॉनवर इप्सिलॉन बसवलेलं चिन्ह. ‘काय’ या शब्दाला, म्हणजे ‘आणि’ला, एकच वळसा. ‘स्ट’ एका खिळ्यात. शिवाय दोन-दोन, तीन-तीन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. वर आघात आणि श्वासचिन्हं त्या वेलबुट्टीत मिसळून जातात.

देवनागरीत जोडाक्षरं आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ‘क्ष’ नेहमी ‘क्ष’सारखाच दिसतो. आल्डसच्या पानावर एकच शब्द दोन ओळींच्या अंतराने दोन वेगळ्या रूपांत भेटतो. ओळीत जागा किती उरली यावर जुळाऱ्याने जोडरूप घेतलं की सुटं, हे ठरलेलं असणार. जुळाऱ्याची सोय मी समजू शकतो, मीही ओळ बसवायला शंभर युक्त्या केल्या आहेत. पण नवशिक्याच्या पुस्तकात ही सोय घेऊ नये. संक्षेपांचा तक्ता आल्डसला द्यावा लागला हाच त्याचा पुरावा. अक्षर सुटं असतं तर तक्ता लागलाच नसता.

त्या काळच्या गिऱ्हाइकाची बाजूही सांगायला हवी. ग्रीक वाचणाऱ्या श्रीमंत माणसाची नजर हस्तलिखितावर तयार झालेली होती, आणि हस्तलिखितासारखं दिसणारं पुस्तक त्याला भारदस्त वाटायचं. आल्डसला विकायचंही होतं. १४९८ मध्ये त्याने आपल्या ग्रीक पुस्तकांची किमतींसह यादी एका कागदावर छापली, त्यात पहिलाच विभाग व्याकरणाचा आहे. पुस्तकं खपली, आल्डसचं अक्षर प्रतिष्ठेचं झालं, आणि १५४० च्या दशकात पॅरिसला क्लोद गारामोंने फ्रान्सच्या राजासाठी जे ग्रीक खिळे कोरले त्यांत ही जोडरूपं आणखी वाढली. दिसायला अप्रतिम. पण पुढची दोन-अडीचशे वर्षं ग्रीक शिकणाऱ्या प्रत्येकाने या गुंत्याचा दंड भरला.

दुसरी वाट शक्य होती, आणि ती फार दूर नव्हती. स्पेनमध्ये आल्काला इथे कार्डिनल सिस्नेरोसच्या आश्रयाने बहुभाषी बायबल छापलं गेलं. त्यातल्या नव्या कराराची छपाई आर्नाओ गिलेन दे ब्रोकारने १० जानेवारी १५१४ ला पूर्ण केली. ते ग्रीक अक्षर बघाच. मोठं, उभं, सुटं, जुन्या हस्तलिखितांच्या वळणाचं. श्वासचिन्हं काढून टाकली आणि एकाहून अधिक पदांच्या शब्दांवर फक्त एक साधी खूण, आघात कुठे आहे ते सांगायला. प्राचीन ग्रीक लोक ही चिन्हं लिहीतच नव्हते, असं कारण प्रस्तावनेत दिलं आहे. ग्रीस देशाने एकाच आघाताची पद्धत अधिकृत केली ती १९८२ मध्ये. आल्कालाच्या छापखान्याने ती साडेचारशेहून अधिक वर्षं आधी करून दाखवली होती. दुर्दैवाने हे अक्षर पुढे फारसं कुणी उचललं नाही.

बाकीच्या व्याकरणांबद्दल थोडक्यात. मानुएल क्रिसोलोरास १३९७ मध्ये फ्लोरेन्सला शिकवायला आला, आणि त्याचं व्याकरण प्रश्नोत्तरांचं आहे. ‘चोवीस अक्षरांचे भाग किती? दोन, स्वर आणि व्यंजनं.’ अशी सुरुवात. जुन्या वैयाकरणांनी नामांचे छपन्न प्रकार केले होते, ते याने दहावर आणले. तोंडी घोकंपट्टीसाठी छान, लवकर संपतं. थिओडोर गाझाचं व्याकरण आल्डसने १४९५ च्या नाताळच्या दिवशी छापून पूर्ण केलं. चार भाग, सगळं ग्रीकमध्ये. इरॅस्मसने वैयाकरणांत पहिला क्रमांक गाझाला दिला आणि दुसरा लास्कारिसला. विद्वानासाठी तो क्रम बरोबर असेल. वाक्यरचनेवरचा गाझाचा चौथा भाग मला अजूनही जड जातो, आणि नवशिक्याला मी त्याच्या जवळपास पाठवणार नाही. उर्बानो बोल्झानियो या फ्रान्सिस्कन साधूचं व्याकरण जानेवारी १४९८ चं. ग्रीकचं व्याकरण लॅटिनमध्ये समजावून सांगणारं हे पहिलं छापील मोठं पुस्तक. ज्याला लॅटिन पक्कं येतं त्याने लास्कारिसनंतर हेच घ्यावं. मेलांक्थोनने एकविसाव्या वर्षी, १५१८ मध्ये, लिहिलेलं व्याकरण आणि लुव्हेनच्या क्लेनार्डसचं १५३० चं, ही दोन्ही वर्गात शिकवायची पुस्तकं. कामाची आहेत, पण मुद्रणाच्या दृष्टीने त्यांत माझं मन रमलं नाही.

आता ही पुस्तकं बघायची कुठे. म्युनिकची बव्हेरियन स्टेट लायब्ररी आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा गॅलिका हा डिजिटल संग्रह, या दोघांनी पंधराव्या शतकातली असंख्य पुस्तकं पानोपान रंगीत चित्रित करून मोफत ठेवली आहेत. ब्रिटिश लायब्ररीने सुरू केलेली पंधराव्या शतकातल्या छापील पुस्तकांची यादीही इंटरनेटवर आहे. त्यात लास्कारिसचं नाव टाकलं की कुठली आवृत्ती कुठल्या ग्रंथालयात आहे आणि कुणाकडची प्रत पडद्यावर बघता येते ते कळतं. चित्र मोठं केलं की कागदाच्या जाळीच्या रेषा दिसतात, शाई कुठे जास्त बसली ते दिसतं, आणि ओळीच्या मध्ये कुणा विद्यार्थ्याने पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेला लॅटिन अर्थही दिसतो. ही सेवा मला अमोल वाटते. नाव नोंदवायला लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि पान हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं. भारतात बसून हे मिळतंय.

रंगीत चित्रंच घ्या. एका ठिकाणाहून मी छापील पुनर्मुद्रण मागवलं होतं, मागणीप्रमाणे छापून पाठवणाऱ्यांपैकी एक. आलेलं पुस्तक काळ्या-पांढऱ्या चित्रावरून केलेलं होतं आणि चित्र साफ करताना यंत्राने बारीक ठिपके पुसून टाकले होते. ते ठिपके म्हणजे आघात आणि श्वासचिन्हं. ईटा या एका अक्षरावर कुठली चिन्हं आहेत त्यावरून ते स्त्रीलिंगी उपपद आहे, की ‘किंवा’ आहे, की संबंधी सर्वनामाचं एखादं रूप आहे, हे ठरतं. त्या पुस्तकात सगळे ईटा बोडके. व्याकरणाच्या पुस्तकात याहून मोठं नुकसान होऊ शकत नाही. विकत घ्यायचंच असेल तर आधी विक्रेत्याकडून आतल्या एका पानाचं मोठं चित्र मागवा आणि स्वरांच्या वरची चिन्हं तपासा. मिलानच्या आवृत्तीची एक चांगली प्रतिकृती अ‍ॅमस्टरडॅमच्या हाक्कर्ट प्रकाशनाने १९६६ मध्ये काढली होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती शोधता येईल.

मला कुणी विचारलं तर मी असं सांगतो. वर्णमाला मिलानच्या पानांवर शिका, तिथे अक्षर स्वच्छ आहे. पहिले आठ-दहा दिवस अर्थाच्या मागे लागू नका, फक्त मोठ्याने वाचा. मग आल्डसच्या जोडभागातला संक्षेपांचा तक्ता छापून भिंतीवर लावा आणि प्रार्थनेचं पान उघडा. ते सरळ वाचता आलं की योहानाचा आरंभ. त्यानंतर मागे येऊन नामांचे तक्ते, समोरच्या लॅटिनसकट. क्रियापदांच्या तक्त्यांना त्यानंतर हात लावा. आणि डोळे थकले की आल्कालाच्या नव्या कराराचं एक पान मोठं करून वाचा, कुठलंही चालेल, मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचं असलं तर उत्तम.